उघाडी नकाशात दिसत नाही

धरमतर खाडीच्या काठी, खारेपाटातील म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातील एका गावासाठी पर्यावरणीय जोखमीचा नकाशा करून देण्याचे काम काही काळापूर्वी मी अंगावर घेतले होते. वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा घ्यायच्या, जमिनीचे शेती, खारफुटी, चिखलाचा किनारा, पाणी आणि वस्ती असे वर्ग पाडायचे, गावाच्या क्षेत्रावर चौकटींचे जाळे टाकायचे आणि प्रत्येक चौकटीत जमिनीचे रूप किती बदलले, किती तुकड्यांत विभागले गेले यावरून जोखमीचा आकडा काढायचा, ही पद्धत आता चांगली रुळलेली आहे. माझ्या नकाशात खाडीलगतच्या एका मोठ्या पट्ट्यात खारफुटी वाढलेली दिसत होती. साहजिकच तो पट्टा कमी जोखमीचा ठरला आणि मी त्याला गडद हिरवा रंग दिला. नकाशा गावात नेला तेव्हा एका वयोवृद्ध शेतकऱ्यांनी नेमक्या त्या हिरव्या रंगावर बोट ठेवले आणि म्हणाले, "साहेब, ही आमची भाताची जमीन. खांड पडली त्या सालापासून अशीच आहे."

खांड म्हणजे बांधाला पडलेले भगदाड. त्या एका वाक्याने माझे गणित उलटे झाले, आणि ते का झाले हे समजायला खारभूमी म्हणजे काय हे आधी सांगितले पाहिजे. अलिबाग-पेणच्या खारेपाटातील बरीचशी भातजमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पिढ्यान्‌पिढ्या खाजणात, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीत, मातीचे बांध घालून ती खाडीकडून मिळवलेली आहे. बाहेरचा मोठा बांध भरती अडवतो आणि त्या बांधात ठरावीक जागी उघाड्या, म्हणजे पाणी सोडण्याची झडपेची दारे, असतात. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते आणि शेतातले पाणी खाडीत जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती बंद होते. पहिल्या पावसात जमिनीतला खार धुतला जातो आणि मग लावणी होते. याच जमिनीत भुरा राता आणि काळा राता ही क्षार सोसणारी जुनी भाते होत असत. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने 'पनवेल' नावाची सुधारित वाणे दिली. घराजवळच्या तळ्यांत जिताड्याची पिल्ले सोडण्याची रीतही याच व्यवस्थेतली.

ही सगळी रचना मातीच्या एका भिंतीवर आणि ती भिंत वेळेवर दुरुस्त करणाऱ्या हातांवर उभी आहे. पूर्वी हे काम गावकरी जोळ पद्धतीने, म्हणजे सामाईक श्रमाने करत. १९४८ साली खार जमिनींचा कायदा आला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला, आणि बांधांच्या शासकीय व खाजगी अशा योजना झाल्या. बांधाची जबाबदारी कागदावर स्पष्ट झाली, परंतु खेकड्याने बीळ पाडले की दुसऱ्या दिवशी पाटीभर माती टाकणारा माणूस मात्र हळूहळू दिसेनासा झाला, असे माझे मत आहे. जोळीचे अवास्तव गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण त्या श्रमाचा भार कुळांवर किती आणि जमीनमालकांवर किती पडत होता हा प्रश्न वेगळा आहे. पण बिळाची दुरुस्ती आणि खांडीची दुरुस्ती यांच्या खर्चात जे अंतर असते, ते जोळीला पक्के ठाऊक होते.

बांधाला खांड पडली की पुढचे सारे भरती-ओहोटीच्या गतीने होते. रोज दोनदा पाणी आत येते आणि दोनदा बाहेर जाते, प्रत्येक खेपेला खांडीच्या कडा ढासळतात, आणि उधाणाच्या दिवसांत ती पाहता पाहता रुंदावते. भातजमिनीत खार उतरतो. पाण्याबरोबर तिवरांचे, म्हणजे खारफुटीच्या झाडांचे, बी तरंगत आत येते, चिखलात रुजते, आणि काही पावसाळ्यांतच तिथे दाट कांदळवन (खारफुटीचे जंगल) उभे राहते. उपग्रहाला ते खारफुटीची वाढ म्हणून दिसते. चूक उपग्रहाची नव्हे, कारण खारफुटी खरोखरच वाढलेली असते; ती कशाच्या जागी वाढली आणि कशामुळे वाढली, हे मात्र क्षेत्रफळाच्या आकड्यात येत नाही.

इथे कायद्याचा भाग येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि खारफुटीभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामास बंदी घातली. २०१८ च्या निकालाने जमिनीची मालकी कोणाचीही असो, तोड करता येणार नाही हे स्पष्ट केले. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या किनाऱ्यांवर जो भराव चालला होता तो पाहता हे निकाल आवश्यक होते, यात मला शंका नाही. मात्र खारेपाटात त्यांचा एक परिणाम असा होतो, की खांडीच्या आत तिवरे एकदा उभी राहिली की तोड करून बांध पूर्ववत घालण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचे भात झाडांच्या मुळांखाली अडकून पडते. म्हणून या भूप्रदेशात जोखीम जागेपेक्षा काळात मोजली पाहिजे, या निष्कर्षाला मी आलो. खांड पडल्यापासून पहिली तिवरे रुजेपर्यंतचे महिने हाच निर्णयाचा अवधी असतो, आणि कोणत्याही चौकटींच्या नकाशात त्याला रकाना नाही.

उपलब्ध साधनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजे 'इन्कॉइस'ने, भारताच्या किनाऱ्यासाठी असुरक्षितता निर्देशांक काढला आहे. किनाऱ्याची झीज, समुद्रपातळीतील वाढ, उंची, उतार, भूरूप, भरतीची कक्षा आणि लाटांची उंची असे सात घटक त्यात आहेत. राज्याच्या पातळीवर तो उपयोगाचा आहे, परंतु देखभालीचा बांध हा त्यातला घटक नाही. अवकाशयानातल्या (शटल) रडारने केलेल्या उंचीच्या नकाशात काही मीटरची चूक सहज असते, आणि खारेपाटात शेत व भरतीची पातळी यांतला सगळा फरकच तेवढा असतो. लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका ३० मीटरचा आणि सेंटिनेल-२ चा १० मीटरचा असतो. उघाडीची झडप माणसाच्या दोन हातांत मावेल एवढी असते. ती गंजून अडकली की आतले पाणी बाहेर जात नाही, बांधावर आतून ताण येतो, आणि पुढची खांड बहुधा तिथेच पडते. गावकऱ्यांनी मला अशा तीन उघाड्या चालत दाखवल्या, आणि माझ्या नकाशात त्या तिन्ही जागा "कमी जोखीम" होत्या.

त्यामुळे दुसरा मसुदा करताना मी चौकटी सोडल्या आणि एक बांध व त्याच्या आतले क्षेत्र हे एकक धरले. बांधाबाहेरची, खाडीच्या बाजूची तिवरे ही बांधाची ढाल आहेत, ती लाटांचा मारा अंगावर घेतात, निवट्या-चिंबोऱ्यांना आसरा देतात. ती कटाक्षाने राखायची आणि जिथे विरळ आहेत तिथे वाढवायची. बांधाच्या आतली जमीन वयाप्रमाणे वेगळी केली. ताजी खांड असेल तिथे पहिल्या उन्हाळ्यातच दुरुस्ती, आणि तीही झाडे रुजण्याच्या आत. जिथे कांदळवन जुने होऊन मासे व पक्षी स्थिरावले आहेत, तिथे ते जंगल म्हणून मान्य करायचे. मात्र ते मान्य करताना मालकाला मोबदला द्यायचा, नाहीतर संरक्षणाची किंमत एकट्या खातेदारालाच मोजावी लागते. अवघड आहेत ती मधल्या वयाची शेते. तिथे भात परत आणायचे की झाडे राहू द्यायची, यावर भाऊभाऊसुद्धा एका मताचे नव्हते, आणि मी नकाशात ती शेते रंग न देता मोकळी ठेवली आहेत.

खाडीतून जाणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी बांध झिजतो, असे गावकरी सांगतात. ते मोजल्याशिवाय मी जोखमीच्या तक्त्यात घेतलेले नाही. आता ठरले आहे ते एवढेच, की आषाढी अमावास्येच्या उधाणाला तिन्ही उघाड्यांजवळ खुणा केलेल्या खुंट्या ठोकायच्या आणि भरतीच्या टोकाला पाणी बांधाच्या माथ्यापासून किती हात खाली राहते, ते दर वेळी तारखेसह लिहून ठेवायचे. वही शाळेतल्या दोन मुलींकडे दिली आहे.