फिट, अनफिट आणि तिसरा रकाना

माझं काम सांगायला सोपं आहे, कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचं आणि डॉक्टरांनी ट्रेनिंगमध्ये ऐकलेली गाइडलाइन रोजच्या ओपीडीत नेमकी कुठं अडते ते पाहायचं. गडचांदूर भागातल्या एका सिमेंट कारखान्यात गेल्या उन्हाळ्यात एक दिवस असा गेला की तो लिहायलाच पाहिजे.

सकाळी शिफ्ट सुटली अन् दवाखान्यात नुसती झुंबड. पॅकिंग प्लांटमधला एक लोडर आला, पंचविशीतला पोरगा, कंबर धरून. डॉक्टर सरांचा हात सवयीनं चालला, इंजेक्शन, एक्स-रे, पट्टा, दहा दिवस बेड रेस्ट. पोरगा हात जोडून म्हणे, "सायेब, सुट्टी नोका लिहू जी, रोजी बुडते माही."

तो एक्स-रेच्या लाइनीत गेला तेव्हा मी विषय काढला. धोक्याची लक्षणं नसतील तर एक्स-रे नको, झोपून राहणं नको, हालचाल चालू ठेवायची, झेपेल त्या कामावर लवकर परतायचं, हे आता सगळीकडच्या गाइडलाइन सांगतात, नेदरलँडच्या कंपनी डॉक्टरांच्या संघटनेनं तर 1999 मध्येच कंबरदुखीसाठी अशी गाइडलाइन काढली. सर म्हणाले, "मॅडम, हे मला पाठ आहे. पण फॉर्मवर रकाने दोनच, फिट नाहीतर अनफिट. फिट लिहिलं तर हा उद्या परत 50 किलोची बॅग उचलणार. मग काय लिहू?"

हे उत्तर मला आजही फार मोलाचं वाटतं, कारण आपण डॉक्टरांनाच पुन्हा पुन्हा शिकवत बसतो अन् त्यांच्यासमोरचा कागद कुणी पाहतच नाही.

सेफ्टी ऑफिसरला घेऊन आम्ही पॅकिंग प्लांटवर गेलो. बेल्टवरून बॅग ट्रकच्या तोंडाशी येते, लोडर मान तिरपी करून ती खांद्यावर घेतो, पाय जागेवर ठेवून कंबरेतूनच वळतो आणि थप्पीवर टाकतो, लगेच दुसरी बॅग आलेलीच असते. सरांनी सुपरवायझरला सरळ विचारलं, इथं न उचलायचं काम कोणतं? टॅली लिहिणं, म्हणजे भरलेल्या बॅगांची नोंद ठेवणं निघालं, रिकाम्या बॅगांची मोजणी निघाली. सरांनी तिथंच उभ्यानं फॉर्मवर पेननं तिसरा रकाना पाडला: कामावर राहील, 10 किलोच्या वर उचलणार नाही, वाकून वळणार नाही, दोन आठवड्यांनी परत दाखवेल. परत येऊन त्या पोराला नीट तपासलं, एक्स-रे रद्द केला आणि टॅलीवर लावलं.

धोक्याच्या प्रश्नांचं एक कार्ड मी टेबलच्या काचेखाली सरकवलं होतं. लघवी अडते का, बसायची जागा बधिर झाली का, पायातला जोर गेला का, ताप, वजन घटणं, कॅन्सर, मोठा मार. सरांनी खाली स्वतःच्या हातानं 'सिकलसेल?' असं जोडलं, कारण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट भरपूर आणि हाडं दुखणं हे त्यांचं कायमचं दुखणं.

दुपारी एक फिटर आले, चाळिशीचे, पट्टा बांधलेला, महिनाभर तीच गोळी चालू. "गोळी लिहून द्या ना जी," एवढंच. एरवी मिनिटात काम झालं असतं, पण सर काचेकडं पाहत एकेक प्रश्न विचारत गेले अन् हळूहळू निघालं की संध्याकाळी अंग गरम होतं, आणि पँट ढिली झाली म्हणून पट्ट्याला, कंबरेच्या साध्या चामडी पट्ट्याला, खिळ्यानं नवीन भोक पाडलंय. मणक्यावर बोट ठोकलं तसे ते कळवळलेच. इथं मात्र एक्स-रे हवाच होता. त्याच दिवशी चंद्रपूरला पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. निदान 12 महिने औषध चालेल, पण पायातला जोर शाबूत असताना सापडला याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

तिसरा रकाना आता छापील फॉर्मवर आलाय. अडलंय ते पैशापाशी. लोडरला टनावर पैसे मिळतात, टॅलीवर बसवला की ठेकेदार फक्त किमान वेतन देतो, म्हणून काही पोरं दुखणं लपवून बॅगा उचलतात आणि दवाखान्यात येतच नाहीत. हलक्या कामाच्या दिवसांत मागच्या महिन्याच्या सरासरीनं पैसे द्या असं पत्र सरांनी एचआरला दिलंय, सोबत मीही सही केली. उत्तर यायचंय, पुढच्या सेफ्टी कमिटीच्या मीटिंगमध्ये आम्ही दोघं तोच मुद्दा पहिला घेणार आहोत.