चुकलेल्या रकान्यापर्यंत नेऊन सोडा

सोयाबीन निघायच्या दिवसांत घाटंजी असो की धारणी, सेतू केंद्रावर गर्दी असते. ऑपरेटर चाळीस रकान्यांचा फॉर्म भरून 'सादर करा' दाबतो आणि पानाच्या माथ्यावर लाल पट्टी येते, 'कृपया सर्व माहिती अचूक भरा'. कोणती माहिती ते शोधायचं ऑपरेटरनं, आणि तोवर समोरचा शेतकरी पिशवीतला सातबारा, पासबुक पुन्हा बाहेर काढतो. खरं तर कोणता रकाना अडला हे फॉर्मला पक्कं ठाऊक असतं. मग तिथपर्यंत नेणंही त्याचंच काम.

ब्राउझरची स्वतःची तपासणी अर्धवट कामाची आहे. तिचा फुगा एका वेळी एकच चूक दाखवतो, थोड्या वेळानं आपोआप जातो आणि ब्राउझर ज्या भाषेत असेल त्याच भाषेत बोलतो. केंद्रावरच्या संगणकावर ती भाषा बहुधा इंग्रजी. म्हणून फॉर्मला 'नोव्हॅलिडेट' हा ब्राउझरची तपासणी बंद करणारा गुणधर्म लावून मराठी संदेश आपणच दाखवावेत. फक्त हा गुणधर्म एचटीएमएलमध्ये कायमचा लिहू नका, जावास्क्रिप्टनं लावा. नेटवर्क मंद असताना स्क्रिप्ट उतरली नाही, तर ब्राउझरची तपासणी तरी शाबूत राहते.

सादर केल्यावर चूक सापडली की कामांचा क्रम महत्त्वाचा. आधी चुकलेला रकाना ज्यात आहे ती बंद घडी किंवा मागची टॅब उघडा, मग संदेश लिहा, मग पान सरकवा आणि शेवटी फोकस द्या, म्हणजे कर्सर त्या रकान्यात न्या. लपलेल्या रकान्याला फोकस मिळतच नाही. ब्राउझरच्या तपासणीवर विसंबलेल्या फॉर्ममध्ये तर अशा वेळी क्रोम सादर करणं थांबवतो आणि तक्रार फक्त डेव्हलपरच्या कन्सोलमध्ये नोंदवतो. माणसाला वाटतं बटणच बिघडलं. शोधता येणाऱ्या सजवलेल्या ड्रॉपडाउनमध्येही हाच सापळा आहे: खरी यादी लपलेली असते, त्यामुळे फोकस दिसणाऱ्या भागाला द्यावा लागतो.

पान सरकवताना नेमकं रकान्याच्या चौकटीवर थांबवू नका, त्याच्या लेबलसकट अख्ख्या गटावर थांबवा. वर चिकटून राहणारी पट्टी असेल तर गटाला 'स्क्रोल-मार्जिन-टॉप', म्हणजे सरकवताना वर सोडायची जागा द्या, पट्टीच्या उंचीपेक्षा वीसेक पिक्सेल जास्त. नाहीतर रकाना पट्टीखाली दडतो. मग 'प्रिव्हेंट-स्क्रोल' हा पर्याय देऊन फोकस करा, म्हणजे पान दुसऱ्यांदा उडी मारत नाही.

संदेश लेबल आणि रकाना यांच्या मधे हवा. मोबाइलवर फोकस मिळताच कीबोर्ड वर येतो आणि रकान्याखाली लिहिलेलं झाकून टाकतो. ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्येही संदेश रकान्याच्या वरच असतो. नुसती लाल किनार पुरत नाही. भर उन्हात वावरात उभं राहून फोन पाहणाऱ्याला ती दिसत नाही, आणि रंग नीट न ओळखणाऱ्याला तर सावलीतही नाही. डावीकडे चारेक पिक्सेलची जाड रेघ आणि शब्दांत लिहिलेली चूक, दोन्ही द्या. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी रकान्याला 'एरिया-इनव्हॅलिड' लावा आणि संदेशाचा आयडी 'एरिया-डिस्क्राइब्डबाय'नं जोडा, म्हणजे फोकस पोहोचताच चूक वाचून दाखवली जाते.

पाच-सात रकान्यांचा फॉर्म असेल तर थेट पहिल्या चुकीवर न्यावं. लांब फॉर्ममध्ये मात्र वर चुकांची यादी द्यावी, फोकस आधी त्या यादीवर, आणि यादीतली प्रत्येक ओळ आपापल्या रकान्याची लिंक. किती कागदं पुन्हा काढायची ते एकदाच कळतं.

आता संदेशाचे शब्द. 'अवैध आयएफएससी' वाचून कुणाला काय करायचं ते कळणार? हा कोड 11 अक्षरांचा, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य. तिथं इंग्रजी ओ आला असेल तर फॉर्मनं स्वतःच शून्य करावा, कारण दुसरं काही असूच शकत नाही. आधारचे 12 अंक, पण कार्डावर चार-चारच्या गटांत छापलेले. रकान्याची कमाल लांबी 12 ठेवली आणि कुणी मोकळ्या जागांसकट पेस्ट केलं, तर शेवटचे दोन अंक कापले जातात. कार्ड बरोबर, चूक फॉर्मची, बोलणी भरणाऱ्याला. लांबीची मर्यादा काढा, आधी जागा गाळा, मग मोजा.

देवनागरी अंकांचंही तसंच. मराठी कीबोर्डवरून '९८' आलं की जावास्क्रिप्टची अंक ओळखणारी नेहमीची खूण ते अंक मानतच नाही. या अंकांचे युनिकोड क्रमांक 2406 ते 2415, त्यातून 2406 वजा केले की झालं. मराठी फॉर्मनं मराठी अंक नाकारावेत हे मला मुळीच पटत नाही.

काही चुका तपासणीला दिसतच नाहीत. सातबाऱ्यावरचं एक हेक्टर पाच आर म्हणजे 1.05. घाईत 1.5 भरलं की एक हेक्टर पन्नास आर होतं, म्हणजे एकरापेक्षाही जास्त जमीन वाढली, आणि फॉर्म निमूटपणे पुढे जातो. हेक्टर आणि आर असे दोन वेगळे रकाने करा, आरला 0 ते 99 ची मर्यादा घाला. चूक झाली तर फोकस नेमका त्यातल्या चुकलेल्या रकान्यावर.

टाइप करतानाच ओरडू नका. पहिला अंक लिहिताच 'दहा अंक हवेत' म्हणणारा फॉर्म माणसाला घाबरवतो. मात्र एकदा चूक दाखवली की ती दुरुस्त होताच संदेश लगेच काढा. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसचा 'युजर-इनव्हॅलिड' हा निवडक याच कामाचा, 2023 च्या अखेरीपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतो.

सर्व्हरवरून चूक परत आली तर भरलेलं सगळं जसंच्या तसं दिसलं पाहिजे. तालुक्यावरून गावांची यादी येत असेल तर ती पुन्हा भरून निवडलेलं गावही पुन्हा लावा. बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं. जोडलेली फाइल मात्र ब्राउझर सुरक्षेसाठी परत भरू देत नाही. म्हणून ती सर्व्हरवर तात्पुरती ठेवा आणि रकान्याशेजारी लिहा, 'सातबारा मिळाला आहे, बदलायचा असेल तरच नवीन जोडा'.