गरमागरम पुऱ्या

सात महिने मी एका जाडजूड, गुबगुबीत देवनागरी फॉन्टवर काम करत होते. रुंद ब्रशने पाटी रंगवल्यासारखी अक्षरं, जरा डुलणारी शिरोरेघ, कुठे कुठे खडबडीत कड. पहिला खरा वापर कोल्हापुरातल्या एका नाश्त्याच्या दुकानाच्या पाटीवर झाला. दीड फुटी अक्षरं: ‘गरमागरम पुऱ्या’.

फ्लेक्स चढवला तेव्हा खाली एक पेंटरकाका शटरवर दरपत्रक रंगवत होते. ते मागे सरकत रस्त्याच्या पलीकडे गेले आणि बराच वेळ वर बघत राहिले.

“अक्षर झकास आहे पोरी. पण हे हातानं काढलेलं न्हाई. ‘गरम’ दोनदा आलंय, दोन्ही सेम टू सेम.”

खरंच होतं. पहिल्या ‘ग’च्या गाठीवर मी मुद्दाम पाडलेली खाच दुसऱ्या ‘ग’वरही नेमकी तिथेच होती. स्क्रीनवर मी एकेक अक्षर मोठं करून तासन्‌तास घासलं होतं. शब्द असा लांबून कधी बघितलाच नव्हता.

“आणि हे ‘पुन्या’ काय?”

हे जास्त लागलं. ‘ऱ्य’ हे मराठीचं खास जोडाक्षर. त्याच्यामुळेच आचार्यांना बोलावणं आणि आचाऱ्यांना बोलावणं यात फरक पडतो. बाकीच्या अक्षरांच्या जाडीला शोभावा म्हणून मी त्यातला र फुगवला होता आणि तो ‘य’च्या पोटात जाऊन गोळा झाला होता.

काकांनी खडू घेतला. शटरच्या कोऱ्या पट्टीवर आडवा धरून ‘य’ ओढला, मग खडू उभा करून कडेनं बारीक, वळणदार र जोडला. “जाड अक्षरात सगळंच जाड करायचं नसतं. जागा नसली की ब्रश उभा धरायचा.”

फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट मी कितीदा न्याहाळला आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्यात अक्षरं इतकी फुगवली आहेत की आतल्या मोकळ्या जागेची नुसती फट उरते. तरी शब्द वाचता येतो, कारण ती फट कुठून जाणार हे विचारपूर्वक ठरवलेलं आहे. मी जाडीच्या नादात फट विसरले होते.

खडूच्या अक्षराचा फोटो काढला आणि त्या रात्री ‘ऱ्य’ नव्याने काढला. ग, र, म यांची प्रत्येकी तीन रूपं केली: कुठे गाठ मोठी, कुठे दंड किंचित आखूड, एखादं जरा कललेलं. तेच अक्षर जवळपास पुन्हा आलं की दुसरं रूप आपोआप यावं, असा नियम फॉन्टमध्येच लिहिला. बाकीच्या अक्षरांना पुढे दोन महिने लागले.

पाटी मात्र चौथ्या दिवशी बदलली. काका पुन्हा रस्ता ओलांडून गेले.

“पुऱ्या,” त्यांनी मोठ्याने वाचलं, आणि परत येऊन मिसळीचा दर रंगवायला बसले.