अळूचे देठ

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५
लाइपझिग

बुधवारी गणपती, गुरुवारी ऋषिपंचमी. सकाळी आईचा फोन आला तेव्हा तिने मोदकांचं विचारलंच नाही, आधी ऋषीच्या भाजीचं विचारलं. "अळू मिळेल का गं तिकडे? आणि लाल माठ? बाकी मिळेल ते घाल, पण या दोघांशिवाय ती ऋषीची भाजी नव्हे."

देवरुखला हा प्रश्न कधी पडलाच नाही. न्हाणीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू नुसतं माजलेलं असायचं. पंचमीच्या सकाळी आजी परसात जाऊन हातानेच देठ मोडून आणायची. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी काही खायचं नाही, म्हणून परसातलं, हाताने लावलेलं तेवढंच चालायचं. अळू, माठ, शिराळं, पडवळ, भोपळा, काकडी, भेंडी, मक्याची कणसं, सुरणाचा तुकडा, ओले शेंगदाणे. वर चिंच, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं. कांदा-लसूण नाही. इतक्या भाज्या एका पातेल्यात शिजायला लागल्या की जो वास सुटतो, तो वर्षात दुसऱ्या कुठल्याच दिवशी घरात येत नाही.

इथे येऊन सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी ही भाजी केलीच नाही. आपल्या वाणसामानाच्या दुकानात डाळी, पोहे, हिंग, लोणची सगळं मिळतं, शोधलं तर गोडा मसालाही मिळतो. मी तिथे दर महिन्याला जाते आणि त्यांच्यामुळेच माझं रोजचं स्वयंपाकघर चालतं. पण आमच्या घरचं पावसाळी ताट तिथे नसतं. अळू नाही, मायाळू नाही, केळफूल नाही. हे सगळं मला घरापासून दोन ट्रामस्टॉपवरच्या व्हिएतनामी दुकानात मिळालं. त्या दुकानावरून मी दोन वर्षं रोज जात होते. 'आशिया' अशी पाटी वाचून आत नूडल्स आणि सोया सॉस असणार, आपल्याला काय त्याचं, असं मीच ठरवून टाकलं होतं.

आज अकरा वाजता पोचले. दारातून आत गेलं की डाव्या हाताला जमिनीवरच लाकडी देव्हारा आहे, दाराकडे तोंड करून. त्यात भूमीचा देव आणि धनाचा देव. एरवी पाण्याची भांडी आणि एखादं संत्रं असतं. आज केळ्यांचा फणा होता, पिवळी शेवंती होती आणि उदबत्तीचा वास पार बर्फकपाटापर्यंत गेला होता.

"आज काय आहे, को?" मी विचारलं.

दुकानाच्या मालकीणबाईंना मी 'को' म्हणते. को म्हणजे वडिलांची बहीण, आत्या. त्या मला 'चाऊ' म्हणतात, म्हणजे भाची. जर्मनमध्ये आम्ही एकमेकींना अहो-जाहो करत होतो तोवर बोलणं भाव आणि पिशवीपुढे गेलंच नव्हतं. एक दिवस त्यांनीच सांगितलं की आमच्या भाषेत नुसतं 'तुम्ही' असं काही नसतं, आधी नातं ठरवावं लागतं, मग बोलता येतं. मला ते लगेच कळलं. आमच्या आळीत तरी कोण कुणाला नावाने हाक मारत होतं? सगळे काका, मावशी, आत्या, वहिनी.

आज त्यांचा सातव्या महिन्याचा पहिला दिवस. गल्ल्यामागच्या भिंतीवर त्यांचं कॅलेंडर असतं, रोज एक पान फाडायचं. वर मोठ्या आकड्यात २३ आणि खाली लहान आकड्यात १. म्हटलं, काल आमची पिठोरी अमावास्या होती, उद्यापासून आमचाही नवा महिना. चंद्र एकच, त्यात नवल ते काय, असं म्हणून त्या हसल्या. मग म्हणाल्या, यंदा आमचा सहावा महिना दोनदा आला. म्हणजे अधिक महिना! आपला अधिक श्रावण २०२३ मध्ये झाला, पुढचा अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये. मोडक्या जर्मनमध्ये अधिक मास समजावून सांगायची मी तयारी करत होते, पण त्यांना समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. या सातव्या महिन्याच्या पुनवेला त्या पितरांना जेवू घालतात. आपला पितृपक्ष त्या पुनवेला लागूनच सुरू होतो. हे मी घरी येऊन कालनिर्णयात पाहिलं आणि बराच वेळ ते पान उघडंच ठेवून बसले.

मग भाजीच्या कपाटाकडे गेलो. को स्वतः आल्या, कारण मला काय हवंय ते त्यांना आता ठाऊक आहे.

हात-हात लांबीचे, फिकट हिरवे, पारदर्शक पिशवीत गुंडाळलेले देठ. त्यांच्या भाषेत झॉक मूंग. आपल्या अळूच्याच कुळातलं, पण मोठं झाड असतं, त्याचे फक्त देठ खातात, पानं नाही. पहिल्यांदा मी ते हातात घेतले तेव्हा वजनच लागलं नाही. बाशिंगाला वापरतात त्या भेंडासारखे हलके. आडवा काप घेतला की आत बारीक बारीक भोकं दिसतात, पोळ्यासारखी. कोंनी एक देठ मोडून दाखवला. टोकाला नखाने साल धरून खाली ओढली की पातळ पापुद्रा धाग्यासकट सरळ शेवटपर्यंत निघून येतो. अगदी असाच आवाज अळूचे देठ सोलताना येतो, सर्र असा. आजीच्या मांडीजवळ बसून मी हे काम केलेलं आहे, त्यामुळे बघायची गरज नव्हती, पण मी पूर्ण होईस्तोवर बघत राहिले.

आजी हाताला तेल लावायची आणि भाजीत चिंच घालायची, खाज येऊ नये म्हणून. को तिरपे काप करून मीठ चोळतात, पाच-दहा मिनिटांनी पाणी सुटलं की पिळतात, धुतात आणि उकळत्या पाण्यातून काढतात. हनोईकडे त्याचं डुकराच्या मांसाबरोबर शेवयांचं सूप होतं, आणि माशाच्या आंबट कालवणातही हे देठ पडतात. मला मात्र मीठ चोळायची पद्धत फार आवडली. गेल्या वर्षी तशी केली तर देठ गाळ न होता भाजीत टिकले आणि आंबट रस मात्र सगळा शोषून घेतला. आईला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, मग म्हणाली, "पुढच्या खेपेला मीही करून बघते." आईने आजीच्या पद्धतीत बदल करायचं कबूल करणं ही लहान गोष्ट नाही.

लाल माठ होता, राउ झेन म्हणतात. मुळांसकट जुडी, देठ चांगले जाड. शिराळी दोन. चिंचेचा गोळा, थायलंडचा. मोदकांसाठी तांदळाचं पीठ घेतलं, तीन तोंडांच्या हत्तीचं चित्र असलेलं. इथे नव्याने आलेल्या कुणी हे वाचलं तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते: लाल अक्षरांचं पाकीट साध्या तांदळाचं, हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं. नुसत्या हिरव्याची उकड केली तर मोदक उकडताना बसतात आणि एकमेकांना चिकटतात. पहिल्या वर्षी माझे एकवीसच्या एकवीस तसे झाले आणि मी नैवेद्यासमोर रडले होते. लाल पिठात दोन चमचे हिरवं घातलं तर मात्र पारी तडकत नाही, कळ्या बारीक पडतात.

बर्फकपाटात केळीची पानं होती, आणि त्याशेजारी ती लांब हिरवी पाती जी ते मिठाईत घालतात. केवड्याच्या कुळातली. पिशवी बाहेर काढली आणि गोठलेल्या पानांनाही वास आला, आंबेमोहर भाताचा. आमच्या विहिरीपाशी हेच झुडूप होतं. आजी भात वैरताना एक पान गाठ मारून टाकायची, साधा रेशनचा तांदूळही सणाचा व्हायचा. आजी गेली, मग विहिरीचा कठडा बांधताना ते झुडूप कुणीतरी उपटून टाकलं. मला वाटलं होतं तो वास आता संपला. आज दोन पाकिटं घेतली.

को १९८७ मध्ये इकडे आल्या, तेव्हा हा पूर्व जर्मनी होता. १९८० मध्ये दोन्ही देशांत करार झाला होता, त्याखाली १९८९ पर्यंत साधारण ६०,००० व्हिएतनामी कामगार इथल्या कारखान्यांत होते. को कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होत्या. भिंत पडली, कारखाने एकामागून एक बंद झाले, आणि परत जायचं की काहीतरी विकून पोट भरायचं एवढंच हातात उरलं. त्यांनी आधी फुलं विकली, मग भाजी, मग हे दुकान. हे ऐकलं तेव्हा मी त्यांना माझ्या आजोबांचं सांगितलं होतं. आजोबा परळला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि ते कायमचे देवरुखला आले, बाजारात भाजी घेऊन बसायला लागले. शब्द मोडके होते, तरी कोंनी "गिरणी बंद, मग भाजी" एवढं बरोबर पकडलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

पैसे देताना त्यांनी गल्ल्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी काढली. मायाळू! जाड, तुकतुकीत पानं, जांभळट वेल. दुकानातली नव्हे, त्यांच्या स्वतःच्या बागेतली. या लाइपझिगातच १८६४ मध्ये श्रेबर नावाने पहिली मंडळी स्थापन झाली, आणि शहराबाहेरच्या छोट्या बागांना जर्मनीभर आजही त्याच नावाने ओळखतात. तशा एका बागेत को आणि त्यांचे यजमान उन्हाळाभर मायाळू, दुधी, कोथिंबीर लावतात. "हाताने," त्या म्हणाल्या आणि तळहात पुढे केले. नखांत माती होती. मागच्या वर्षी मी बैलाच्या कष्टाची गोष्ट त्यांना सांगितली होती, ती त्यांच्या लक्षात होती. मला काही बोलताच आलं नाही.

मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या त्या भाजीत मांस नसतं ना? कांदा? लसूण?"

नाही म्हटलं. त्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पुनवेला शाकाहारी जेवतात, आणि त्यांच्याकडेही कडक पाळायचं तर कांदा-लसूण चालत नाही. "मग मला आण," त्या म्हणाल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उचलून २८ तारखेचं पान काढलं आणि कोपऱ्यात पेनाने एक छोटी वाटी काढून ठेवली.

देठ ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलेत. मायाळूचे दोन शेंडे पेल्यात, खिडकीत. उद्या रविवार, सगळं बंद. भेंडी आणि मका सोमवारी तुर्की दुकानातून. पडवळ यंदाही नाही.