दिल्ली-बागडोगरा: डावीकडचीच खिडकी घ्या

आज सकाळच्या विमानाने आईला घेऊन दिल्लीहून बागडोगऱ्याला आले आणि हिमालय अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये. दार्जिलिंग-सिक्कीमला निघालेल्यांनो, जाताना 'ए' सीटच घ्या. विमान पूर्वेकडे जातं, त्यामुळे डावी बाजू उत्तरेची. शिवाय या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, म्हणजे ऊन पलीकडच्या खिडक्यांवर. आपल्या काचेवर तिरीप येत नाही. पंखावरच्या रांगा मात्र टाळा, अगदी पुढची नाहीतर अगदी मागची बघा. सीटसाठी थोडे जास्त पैसे गेले तर जाऊ द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आईला खिडकीशी बसवलं. आधी धौलागिरी, मग अन्नपूर्णा, ढगांच्या वर पांढरीशुभ्र रांग. एव्हरेस्टसाठी ल्होत्से-नुप्त्सेच्या भिंतीमागून वर आलेलं काळसर, त्रिकोणी टोक शोधायचं. माथ्यावरून वाऱ्याने उडणारा बर्फाचा पट्टा आज उजवीकडे, पूर्वेला, लांबवर गेलेला दिसत होता. ८८४८.८६ मीटर! आई काचेला नाक लावून म्हणाली, "अगं, हा तर आपल्या बरोबरीने चाललाय!" मग मकालू. आणि उतरायच्या सुमारास कांचनजंगा, पाच शिखरांचा एवढा रुंद पसारा की एका खिडकीत मावेना.

परतीला 'एफ' घेतलीय, तेव्हा उजवी बाजू उत्तरेची. तेही विमान सकाळचंच, कारण दुपारपर्यंत डोंगरांवर बहुतेक ढग चढतात.