हातात किती पडले?

"पंचावन्न टक्के?" कोपनहेगनमधली पहिली लोनसेडल, म्हणजे पगाराची स्लिप, उघडली आणि चहा गार झाला.

शेजारच्या टेबलावरची डॅनिश बाई शांतपणे म्हणाली, "किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारं तुझं टॅक्स कार्ड निघालेलं नाही अजून. कार्ड नसलं की सरसकट 55 कापतात. जास्तीचे नंतर परत मिळतात." मग वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे 8 टक्के त्याच्याही आधी गेलेत. पण ते आम्ही टॅक्समध्ये धरतच नाही!"

त्या ओळीचं नाव एएम-बिद्राग, म्हणजे श्रम-बाजारासाठीची वर्गणी. आधी ते, मग उरलेल्यावर टॅक्स. धरत नाही म्हणे!

पुण्यात फॉर्म 16 न वाचताच सीएकडे ढकलणारा मी, इथे डिक्शनरी उघडून बसलोय.

रात्री आईचा फोन. सगळं समजावून सांगितलं. "ते असू दे रे. हातात किती पडले?"