मृगाच्या ईजेनं लॅन नेलं, मग कार्ड शोधताना झालेली वणवण

मृगाचा पहिला पाऊस आमच्या संत्र्याच्या बागा हिरव्या करतो आणि जाताना माझ्या दुकानातलं काहीतरी घेऊन जातो. यंदा कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट गेलं, म्हणजे नेटची तार जिथं खुपसतो ते भोक.

मोर्शी तालुक्यातल्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. नेट येतं ते छतावरच्या खांबावर बसवलेल्या रेडिओतून, म्हणजे हवेतून नेट पकडणाऱ्या यंत्रातून. तिथून तार खाली राउटरला, राउटरमधून कॉम्प्युटरला. आभाळातली वीज मदरबोर्डापर्यंत यावी म्हणून मीच तांब्याची वाट करून ठेवली होती म्हणा ना. जवळच कुठंतरी ईज कडाडली, राउटरचं एक पोर्ट मेलं आणि कॉम्प्युटरच्या मागचा हिरवा दिवा पेटेनासा झाला.

कॉम्प्युटर जुना, सेकंडहँड घेतलेला बारका डेस्कटॉप. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधल्या व्हायरसला कंटाळून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकलेली. आता पहिली चूक. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आत जोडलेल्या वस्तूंची यादी दाखवणारी आज्ञा दिली, तर यादीत नेटवर्कची चिप दिसत होती. मला वाटलं चिप जिवंत आहे, तिला चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हरच बिघडला. अर्धा दिवस घालवून मिंट नव्यानं टाकलं. दिवा काही पेटला नाही. खरं तर पेन ड्राइव्हवरून मिंट न टाकता नुसतं चालू केलं असतं, तरी दहा मिनिटांत कळलं असतं. तिथंही दिवा लागत नसेल तर दोष हार्डवेअरचा. यादीत चिप दिसते म्हणजे तिची बाहेरची बाजू शाबूत आहे, असं नसतं.

दुकानात प्रवेशाच्या फॉर्मची गर्दी. “काहून भाऊ, आजबी नेट नाही काय?” हे दिवसातून वीसदा. मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग चालू केलं, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला दिलं. लिनक्सला त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही, लगेच चालतं. पण दुपारपर्यंत डेटा संपायचा, आणि फोन आला की मी टेबलाला बांधलेला.

मग कॉम्प्युटरच्या आत बसवायचं, लॅन पोर्ट असलेलं नवं नेटवर्क कार्ड आणायला एसटीनं अमरावती. पहिल्या दुकानात धूळ बसलेलं एक कार्ड शंभर रुपयांत मिळत होतं, पण ते जुन्या पीसीआय स्लॉटचं. माझ्या कॉम्प्युटरात फक्त पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे नव्या प्रकारचे स्लॉट. खाचा बघूनच कळलं की बसणार नाही. दुकानदारानं मग यूएसबीत खुपसायचा वायफायचा डोंगल पुढं केला, “लिनक्सवर चालते, डब्यावरच लिहून आहे ना जी.” नाव मोठं होतं, आणि त्याच मॉडेलचं कौतुक मी आधी वाचलेलं होतं. ४५० रुपये दिले.

घरी आल्यावर उमगलं. मॉडेलचं नाव तेच, पण आवृत्ती नवी, आणि नव्या आवृत्तीत कंपनीनं चिपच बदललेली. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेली मर्यादा कर्नलच्या ४ क्रमांकाच्या आवृत्तीवर संपत होती, माझ्या मिंटचा कर्नल ६.८. ड्रायव्हर कुणीतरी लिहिलेला सापडला, तो आपणच कम्पाइल करायचा, म्हणजे त्याच्या कोडमधून आपल्या कर्नलसाठी तयार करून घ्यायचा. केलाही, मोबाइलच्या नेटवर. चार दिवसांनी कर्नल अपडेट झाला आणि वायफाय पुन्हा गायब. दर अपडेटला हा खेळ मला परवडणारा नव्हता, दारात पोरं कागद घेऊन उभी असताना तर नाहीच.

तेव्हापासून मी कार्डाचं नाव विचारणं सोडलं, चिप विचारायला लागलो. ड्रायव्हर चिपचा असतो, डब्याचा नाही. कर्नलमध्येच ज्याचा ड्रायव्हर आहे अशी चिप घेतली की विषय संपतो. स्वस्तातली सगळ्यात सहज मिळणारी म्हणजे रिअलटेकची ८१११ किंवा ८१६८ मालिका. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आर८१६९ या नावानं आहे. आकडा जुळत नाही म्हणून गोंधळू नका, तोच लागतो. इंटेलची कार्डंही कर्नल छान ओळखतो, पण ती महाग, आणि इंटेलच्या नावाची नकली कार्डं बाजारात फिरतात. माझ्या कामाला इंटेल म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं चाक.

दुसऱ्या फेरीत दुकानदाराला विनंती करून पाकीट उघडायला लावलं आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यानं झूम करून चिपवरचा आकडा वाचला. यूएसबीचंही एक लॅन ॲडाप्टर होतं, वर ‘गिगाबिट’, म्हणजे १००० एमबीपीएस, छापलेलं. दुकानदाराच्या विंडोजच्या कॉम्प्युटरला ते लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघितला, तर शेवटी ८१५२. ही चिप १०० एमबीपीएसची. गिगाबिटची ८१५३. दुकानदारही चकित झाला, त्यालाही ठाऊक नव्हतं. दोन्ही लिनक्सवर चालतात, पण छापलं एक आणि आत दुसरं असलेला माल मी घेत नाही. शिवाय यूएसबीला लटकलेली वस्तू माझ्या दुकानात टिकत नाही, पेन ड्राइव्ह लावायच्या घाईत कुणीतरी ती ओढतंच. म्हणून ८१६८ चिपचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड घेतलं, ७८० रुपयांना.

घरी कार्ड बारक्या कॅबिनेटमध्ये मावेना. मागची पत्र्याची पट्टी उंच. आता कापावी लागते की काय, म्हणून करवत काढली, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, हे काय?” पाकिटातच छोटी पट्टी दोन स्क्रूंसकट पडलेली होती. ती लावली, बायोसमधून, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमधून, जळकं पोर्ट बंद केलं, आणि मिंट चालू होताच दिवा पेटला. काही टाकावं लागलं नाही. फक्त नेटवर्कचं नाव बदललं होतं, त्यामुळं प्रिंटरसाठी ठरवून दिलेला आयपी नव्या नावावर पुन्हा द्यावा लागला.

जोडणीचा वेग दाखवणारं ‘ईथटूल’ चालवलं तर वेग १०० एमबीपीएस. पुन्हा पोटात गोळा! पण खालच्या ओळी वाचल्या, तर समोरच्या बाजूनंच, म्हणजे राउटरनं, १०० च्या पुढचं काही सांगितलेलं नव्हतं. माझ्या राउटरची पोर्टंच १०० ची. नेटचा प्लॅन ३० एमबीपीएसचा असताना त्यात रडण्यासारखं काही नाही.

राउटर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये आता एक स्वस्तातला स्विच बसवला आहे, पुढची ईज त्याच्यावरच भागावी या आशेनं. तरी आभाळ काळवंडलं की भाचा स्वतःच धावत जाऊन तार काढतो. तो डोंगल त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवर मस्त चालतो.